मोटार पुसणाऱ्या फडक्याची निगा

मोटार धुण्याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. साबण कोणता घ्यावा, मेण केव्हा चढवावे, काचा कशाने पुसाव्यात, याविषयी प्रत्येकाचे काही ना काही मत असते. परंतु ज्या फडक्याने ही सारी सेवा घडते, ते फडके स्वतः कसे धुवावे आणि कसे वाळवावे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. काम संपले की ते बादलीच्या काठावर टाकले जाते, तेथेच अर्धवट सुकते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रंगावरून फिरू लागते.

वाचकहो, आपल्या घरी मोटार असेल तर एक लहानसा प्रयोग करून पाहा. स्वच्छ ऊन पडले असता गाडीच्या बॉनेटवर सूर्याचे जे झगझगीत प्रतिबिंब दिसते, त्याच्या भोवती नीट न्याहाळून बघा. गाडीचा रंग गडद असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या अतिशय बारीक रेषा तेथे दिसण्याचा संभव आहे. सावलीत त्या दिसत नाहीत, म्हणून आपले तिकडे लक्ष जात नाही. या रेषांचा दोष आपण रस्त्यावरील धुळीला देतो. धूळ त्याला कारण आहे खरी. पण धूळ नुसती बसल्याने रंगावर ओरखडा उठत नाही. ती कशाने तरी दाबली आणि घासली जावी लागते. हे काम बहुतेक वेळा आपले फडकेच करीत असते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी मोटारीच्या रंगाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. आजच्या बहुतेक मोटारींवर रंगाचे एकावर एक असे अनेक थर असतात आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा एक थर असतो. गाडीची झळाळी ती याच थराची. त्याची जाडी साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा सुमारे विसावा भाग इतकीच असते. आता वाळूचा कण घ्या. वाळूत गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, अंश मोठा असतो. कठीणपणा मोजण्याच्या मोहस् यांच्या मापात आपल्या नखाचा क्रमांक सुमारे अडीच, खिडकीच्या काचेचा सुमारे साडेपाच आणि क्वार्ट्झचा सात आहे. जो कण काचेवर ओरखडा काढू शकतो, त्याच्यापुढे त्या नाजूक थराचा काय पाड? हे कण राजस्थानच्या वाऱ्यात आहेत, दिल्लीच्या उन्हाळ्यातील धुळीत आहेत आणि पावसाळ्यात चाकांनी उडविलेल्या चिखलातही आहेत. ओरखडा एकदा उठला की तो भरून येत नाही. पॉलिश करणारा कारागीर ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून तितकाच खाली आणतो आणि मग ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे प्रत्येक पॉलिशबरोबर तो पातळ थर आणखी पातळ होत जातो. फडक्याच्या स्वच्छतेला महत्त्व आहे ते यासाठी.

आता फडक्यांकडे वळू. आपल्याकडे गाडी पुसण्यासाठी पूर्वापार जुने धोतर, जुना पंचा किंवा बनियनचे कापड वापरले जाते. गॅरेजमध्ये ‘बनियन वेस्ट’ म्हणून जे मिळते, ते होजिअरीच्या कारखान्यांतील कात्रण होय. सुती कापड पाणी चांगले शोषते आणि ओले झाल्यावर अधिक बळकट होते, हा त्याचा गुण. परंतु त्याचा पृष्ठभाग सपाट असल्याने धुळीचा कण आत शिरत नाही. तो कापड आणि रंग यांच्यामध्येच अडकून फरफटत जातो. शिवाय जुन्या कपड्याची शिवण, काज किंवा राहून गेलेले बटण हेही ओरखडे काढते.

याच उणिवेमुळे गेल्या काही दशकांत मायक्रोफायबरचे टॉवेल आणि हातमोजे घरोघरी आले. इतक्या सूक्ष्म तंतूंचा पाया जपानमध्ये घातला गेला. तोरे या कंपनीतील शास्त्रज्ञ मियोशी ओकामोटो यांनी १९७० साली अतिसूक्ष्म कृत्रिम तंतू तयार करण्यात यश मिळविले आणि त्यातून प्रथम मऊ कातड्यासारखे कापड निघाले. हा तंतू किती बारीक असतो? नऊ हजार मीटर लांबीच्या तंतूचे वजन एक ग्रॅमपेक्षाही कमी भरले, तरच त्याला मायक्रोफायबर म्हणतात. पुसण्याच्या फडक्यांत बहुधा पॉलिएस्टर आणि नायलॉन यांचा मिलाफ असतो. तयार करताना एकेक तंतू लांबीच्या दिशेने चिरून त्याची अनेक शकले केली जातात. त्यामुळे फडक्यात असंख्य फटी निर्माण होतात. पाणी त्या फटींत ओढले जाते आणि धुळीचा कण रंगापासून उचलला जाऊन आत जाऊन बसतो.

येथेच खरी मेख आहे. जो गुण धूळ उचलतो, तोच गुण ती धरूनही ठेवतो. सुती फडके झटकले तर त्याची धूळ पुष्कळशी निघून जाते. मायक्रोफायबरचे फडके ती सहजासहजी सोडीत नाही. वरून स्वच्छ दिसणाऱ्या फडक्याच्या पोटात मागील आठवड्याची वाळू असू शकते. म्हणून असे फडके जितके महाग, तितकी त्याची धुलाई अधिक काळजीने झाली पाहिजे.

धुण्याच्या आधीचे पहिले काम निवडण्याचे. आपण तांदूळ निवडतो, तशी ही फडकीही निवडावीत. तीन ढीग करावेत. रंगावर आणि काचांवर फिरणारी फडकी पहिल्या ढिगात. दारांच्या कडा व आतील भाग पुसणारी दुसऱ्या ढिगात. आणि चाकांची फडकी तिसऱ्या ढिगात. चाकांवरील काळी धूळ ही ब्रेकच्या घर्षणाने निघालेली असते आणि तिच्यात लोखंडाचे बारीक कण असतात. ते एकदा पहिल्या ढिगातील फडक्यात शिरले की ते फडके रंगाच्या कामातून गेलेच म्हणून समजा. घोटाळा होऊ नये म्हणून तिन्ही कामांसाठी निरनिराळ्या रंगांची फडकी ठेवावीत. म्हणजे घरातील कोणीही चुकणार नाही. जे फडके काम करताना जमिनीवर पडले, ते झटकून पुन्हा वापरू नये. त्याला त्या दिवसापुरती सुट्टी द्यावी आणि धुण्यात टाकावे.

दुसरी गोष्ट वेळेची. फडके ओले आहे तोवरच धुवावे. माती वाळून तंतूंत घट्ट बसली, किंवा मेण आणि पॉलिश सुकून कडक झाले, की मग ते काढणे दुप्पट कष्टाचे होते. ताबडतोब धुणे शक्य नसेल तर निदान साध्या पाण्याच्या बादलीत ते बुडवून ठेवावे. मात्र ओल्या फडक्यांचा गोळा करून तो डिकीत टाकू नये. बंद गाडीच्या उष्णतेत त्याला एका दिवसात कुबट वास येतो आणि बुरशी धरते.

आता प्रत्यक्ष धुणे. साबण लावण्यापूर्वी फडके नुसत्या पाण्यात दोनतीन वेळा चांगले खळबळावे आणि प्रत्येक वेळी पाणी बदलावे. बादलीच्या तळाशी बोट फिरवून पाहिले तर किती रेती निघाली ते कळेल. तळाशी रेती लागेनाशी होईपर्यंत साबणाला हात लावू नये. कारण साबणाच्या पाण्यात चोळताना तीच रेती तंतूंमध्ये खोलवर जाते. याच कारणासाठी ही फडकी दगडावर आपटू नयेत किंवा धोपाटण्याने बडवू नयेत. सतरंजीला जी रीत मानवते, ती यांना मानवत नाही.

साबण द्रवरूप आणि सौम्य असावा. पावडरच वापरावयाची असेल तर ती आधी कोमट पाण्यात पूर्णपणे विरघळवून घ्यावी. न विरघळलेला कण तंतूंत अडकून बसतो. साबणाचे प्रमाण थोडेच ठेवावे. फेस अधिक म्हणजे स्वच्छता अधिक, ही समजूत येथे उपयोगाची नाही. कारण फडक्यात राहिलेला साबणच पुढे काचेवर पांढरट पट्टे उमटवितो. पाणी कोमट असावे, उकळते नसावे. मेण लागलेली फडकी अशा पाण्यात अर्धा तास भिजू द्यावीत, मग हातांनी दाबून धुवावीत.

धुण्याचे यंत्र असेल तर ही फडकी एकटीच धुवावीत. चादरी, पंचे अथवा लोकरी कपडे यांच्याबरोबर ती टाकली, तर त्या कपड्यांचा बारीक पिंजलेला कापूस फडक्याला चिकटतो आणि पुढे तो गाडीच्या काचेवर दिसतो. यंत्राची गती मंद ठेवावी आणि साध्या पाण्याची एक खेप जास्त द्यावी.

कपडे मऊ राहावेत म्हणून शेवटच्या पाण्यात घालण्याची जी सुगंधी द्रव्ये मिळतात, ती येथे कटाक्षाने टाळावीत. त्यांचा मऊपणा येतो तो तंतूंवर चरबीसारखा पातळ लेप बसल्याने. साडीला तो लेप सुखकारक वाटतो. पण फडक्याच्या फटी त्याने बुजतात, पाणी शोषण्याची शक्ती कमी होते आणि काच पुसताना ती धुरकट दिसू लागते. ब्लीच टाकू नये, कारण त्याने नायलॉनचे तंतू दुबळे होतात. खळ तर दूरच राहो.

आपल्या देशात बहुतेक ठिकाणी विंधन विहिरीचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका बनवितात आणि फडके वाळल्यावर खरखरीत लागते. अशा ठिकाणी अखेरच्या बादलीत अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घालावे. साका आणि क्षार सुटून जातात. परंतु व्हिनेगर आणि ब्लीच यांची गाठ कधीही पडू देऊ नये. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

काही घरांत गाडी धुण्यासाठी मेंढीच्या लोकरीचा हातमोजा असतो, तर काहींच्या घरी पाणी टिपण्यासाठी शॅमॉयचे कातडे असते. या दोघांची प्रकृती वेगळी आहे. लोकरीच्या केसावर खवले असतात. गरम पाण्यात चोळल्यास ते एकमेकांत गुंतून लोकर आटते आणि घट्ट होते. म्हणून तिला जेमतेम कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. धुण्याचा सोडा तिला लावू नये. वाळल्यानंतर बोटांनी तिचे केस मोकळे करावेत आणि कसर लागू नये म्हणून डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. शॅमॉयचे कातडे तेलाने कमावलेले असते. तीव्र साबणाने त्यातील तेल निघून गेले तर ते कडक होऊन चिरते. ते कोमट पाण्यात हलकेच दाबून धुवावे, सावलीत वाळवावे आणि वाळल्यावर हातांत चोळून पुन्हा मऊ करावे.

धुण्याइतकेच वाळवणेही महत्त्वाचे आहे. फडके पिळताना दोन्ही हातांनी पीळ देऊ नये. त्याने तंतूंचे फासे ओढले जातात. ते दाबून पाणी काढावे, निथळत ठेवावे आणि मग दोरीवर वाळत घालावे. कठड्यावर, कुंपणावर किंवा गच्चीच्या फरशीवर पसरून वाळवलेले फडके म्हणजे धुऊन पुन्हा मळवलेले फडके होय. ओल्या कापडाला तेथली धूळ आणि चुन्याची पूड चिकटते. सुती फडक्याला कडक ऊन चालते, नव्हे, ते हितकरच असते. मायक्रोफायबरला मात्र सावली आणि वारा अधिक मानवतो, कारण दीर्घकाळ उन्हात राहून नायलॉन दुबळे होते. याला इस्त्री कधीही लावू नये. सुती कपड्यांच्या तापलेल्या इस्त्रीखाली त्याचे तंतू वितळू लागतात, आणि वितळलेल्या तंतूचे कडक टोक रंगावर वाळूच्या कणासारखेच वागते. वाळविण्याचे यंत्र असेल तर त्याची उष्णता अगदी कमी ठेवावी.

कोकणात, गोव्यात किंवा कोलकात्यात राहणारे वाचक विचारतील की, पावसाळ्यात काय करावे? दमट हवेत वाळविण्याचे काम वारा करतो, ऊन नव्हे. घरातच दोरी बांधून फडक्यांमध्ये वीतभर अंतर ठेवावे आणि पंखा लावावा. हाताला कोरडे वाटले तरी घडी घालण्यापूर्वी जाड कडा चिमटीत धरून पाहावी. ओल सर्वांत शेवटी तेथे राहते.

फडके नीट धुतले गेले किंवा नाही हे ओळखण्याच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. वाळलेल्या फडक्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो झटकन शोषला गेला तर ठीक. मोत्यासारखा वर राहिला तर मेण, तेल किंवा साबण अद्याप शिल्लक आहे. दुसरी परीक्षा वाळूची. एखादी टाकाऊ सीडी घ्यावी आणि तिच्या चकचकीत बाजूवर फडके थोडे दाबून घासावे. नवे ओरखडे उमटले तर तेच गाडीवरही उमटणार, हे निश्चित. अशा फडक्याला शिक्षा म्हणून फेकू नये. त्याची बदली करावी. बॉनेटवरून दारांच्या कडांना, तेथून चाकांना आणि शेवटी इंजिनाला, अशा क्रमाने ते उतरत जावे. मात्र उतरलेले फडके पुन्हा वर चढू देऊ नये.

इंजिनाच्या फडक्यांविषयी एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. पेट्रोल लागलेले फडके धुण्याच्या यंत्रात कधीही टाकू नये. पेट्रोलची वाफ बंद जागेत साठते आणि विजेच्या एका ठिणगीने भडका उडू शकतो. तसेच जवसाच्या तेलासारखी वाळणारी तेले लागलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नये. ही तेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावताना उष्णता निर्माण करतात. ढिगाच्या पोटात ती उष्णता साठत जाते आणि आगपेटीची काडीही न लावता चिंध्या पेटतात. अशी चिंधी मोकळ्या जागी एकेरी पसरून पूर्ण वाळू द्यावी, किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी.

एवढे सारे पाणी आणावयाचे कोठून, अशी शंका येणे साहजिक आहे, आणि ती रास्तही आहे. मार्च २०२४ मध्ये बंगळूर शहरात पाण्याची टंचाई इतकी वाढली की, तेथील पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई केली आणि नियम मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरविला. पण टंचाईतच फडक्यांचे महत्त्व वाढते. पाइपने गाडी धुण्याऐवजी एका बादलीत सातआठ फडकी भिजवून घ्यावीत. चौकोनी फडक्याची दोनदा घडी घातली की दोन्ही बाजू मिळून त्याचे आठ पदर होतात. एक पदर एकदाच आणि एकाच दिशेने फिरवावा, मग दुसरा उलगडावा. एका फडक्याने एक दार आणि एक काच निघते. वापरलेले फडके बादलीत परत बुडवू नये. अशाने गाडी एका बादलीत स्वच्छ होते. फडकी मग एकत्र धुवावीत आणि त्यांचे शेवटचे स्वच्छ पाणी पुढील खेपेच्या पहिल्या खळबळण्यासाठी ठेवावे.

त्या पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट गटारात जाते, तिचीही जाणीव असावी. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पॉलिएस्टरच्या सहा किलो कपड्यांच्या एका धुलाईत सुमारे पाच लाख तंतू सुटून पाण्यात जाऊ शकतात. मायक्रोफायबर हेही मुख्यतः पॉलिएस्टरच. कोमट पाणी, हळुवार हात आणि दोरीवरील वारा यांनी फडक्याची झीज कमी होते. आणि जितकी झीज कमी, तितके नदीत जाणारे तंतूही कमी.

शेवटी ज्यांच्या हातात हे फडके असते त्यांच्याविषयी. मोठ्या शहरांतील गृहसंकुलांत पहाटेच गाड्या पुसणारी माणसे येतात. एक बादली पाणी, एकदोन फडकी आणि ओळीने उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या, असा त्यांचा संसार असतो. पहिल्या गाडीची वाळू दुसरीवर आणि दुसरीची तिसरीवर जाते. ओरखडे दिसले की आपण त्यांना बोल लावतो. परंतु फडके धुण्यास नळ आणि वाळविण्यास दोरी आपण त्यांना कोठे दिलेली असते? आपल्या गाडीसाठी चार फडकी निराळी काढून द्यावीत. संकुलाच्या कोपऱ्यात एक दोरी बांधावी. तेथील नळ वापरण्याची त्यांना मुभा असावी. तासन्‌तास साबणाच्या पाण्यात राहून हातांना भेगा पडतात, म्हणून रबरी हातमोज्यांची एक जोडीही द्यावी. आठवड्यातून एकदा ती फडकी वर मागवून घेऊन घरच्या यंत्रात धुतली, तर त्यात कमीपणा काही नाही. येत्या रविवारी गाडी धुण्यापूर्वी डिकीतील फडकी बाहेर काढा, त्यांचे तीन ढीग करा, आणि धुण्यास आरंभ त्यांच्यापासूनच करा.